विमानाची तेरवी

आमच्या घरात रविवार एरंडेलाच्या वासाने उजाडत असे. जे तेल लेकराचं नाक दाबून त्याच्या घशात ओततात, तेच तेल अण्णांच्या विमानाच्या इंधनात मिसळलेलं असायचं. ते जळलं की त्याचा गोडसर, कोंदट, किंचित शिसारी आणणारा गंध कपड्यांत, केसांत, उशीच्या अभ्र्यांत मुरून राही, आणि जबलपुरातल्या दीक्षितपुऱ्याच्या अरुंद गल्लीतलं कोवळं ऊन खिडकीच्या गजांमधून आत उतरायच्या आधीच तो खोलीभर पसरलेला असे. डोळे मिटलेले असतानाच मला कळायचं, की माझे सासरे उठले आहेत, सतरंजीवर मांडी घालून बसले आहेत आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने विमानाचा पंख पुसत आहेत. इतक्या हळुवार हाताने त्यांनी घरातल्या कुठल्या माणसाला स्पर्श केल्याचं मला आठवत नाही.

अण्णा उंच होते, सडसडीत होते, आणि म्हातारपणीही त्यांच्या पाठीत वाक म्हणून नव्हता. वर्षानुवर्षं आभाळाकडे बघून त्यांच्या डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्यांची जाळी पडली होती. माणसाशी बोलतानाही त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून वीतभर वर कुठेतरी असायची, जणू त्याच्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी मागच्या अवकाशात फिरतं आहे. तोफांच्या कारखान्यात ते चार्जमन होते. दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तूंमधली खोट शोधायची, हे त्यांचं उभ्या हयातीचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला घरातली माणसं तेवढी उरली. आमटी साधली तर ते मुकाट्याने जेवत, बिघडली तर बोलत. त्यामुळे आमच्या घरात शांततेलाच कौतुक समजायची रीत पडली होती.

विमान म्हणजे खेळणं नव्हे, हे आधी सांगून टाकते, कारण माहेरी अमरावतीला मी तसं सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. पसरलेल्या दोन हातांएवढा पंख, पिसासारखं हलकं लाकूड, वर ताणून बसवलेलं पातळ आवरण, आणि नाकाशी मोठ्या लिंबाएवढं इंजिन, जे सुरू झालं की कान बधिर व्हावेत. जमिनीवर उभं राहून हातातल्या रिमोटने ते आभाळात उडवायचं. बरगीच्या रस्त्याला, शहर मागे पडल्यावर, मुरमाचं एक सपाट मैदान होतं. एका कडेला पळसांची रांग, दुसऱ्या कडेला हरभऱ्याची शेतं. माघातलं स्वच्छ ऊन तिथे अशा निष्ठुर समतेने पडलेलं असे, की आडोसा म्हणून कुठे शोधूनही सापडत नसे. दर रविवारी तिथे अण्णांची मंडळी जमायची, आणि शिकवायचा मान अर्थातच अण्णांचा होता.

सरळ विमान उडवायला कोणीही शिकतं. रिमोटवरची स्टिक आपल्याकडे ओढली की विमान वर जातं, पुढे ढकलली की खाली येतं. थोडे दिवस गेले की हाताला ते आपसूक कळायला लागतं. अण्णांच्या लेखी मात्र सरळ उडवणं म्हणजे सायकलला आधाराची चाकं लावून फिरणं. खरं उडवणं ते उलटं. पोट आभाळाकडे, पाठ जमिनीकडे, चाकं वर करून विमान मैदानावरून नेऊन दाखवायचं. आणि विमान उलटं झालं की सगळा न्यायच उलटा होतो. तेव्हा ओढलं की ते जमिनीत घुसतं. वाचवायचं असेल तर ढकलावं लागतं. डोक्याला हे एका बैठकीत समजतं. अंगठ्याला समजायला अर्धं आयुष्य जातं, कारण घाबरलेला माणूस जे जपायचं ते स्वतःकडे ओढतो. लेकरू पायरीवरून घसरलं तर त्याला ढकलणारी आई अजून जन्माला आलेली नाही.

शिकवण्यासाठी दोन रिमोट एका वायरने जोडलेले असत, एक गुरूचा आणि एक चेल्याचा. गुरूच्या रिमोटवर एक खटका होता. तो दाबून धरला की विमान चेल्याच्या हातात. सोडला की तत्क्षणी परत गुरूच्या हातात. चेला चुकला तर गुरूने खटका सोडावा आणि विमान सावरावं, एवढ्यासाठीच ही सोय कोणा दयाळू माणसाने केलेली असणार. अण्णांना दया ठाऊक नव्हती, सोय तेवढी ठाऊक होती. चेला मजेत उडवतो आहे, इंजिन एका सुरात गुणगुणतं आहे, मंडळीतले तिवारीजी थर्मासातून चहा ओतत आहेत, अशा वेळी अण्णा खटका सोडून विमान आपल्या हातात घेत, एका गिरकीत उलटं करत, आणि खटका दाबून, चकार शब्द न बोलता, ते तसंच उलटं चेल्याला परत देऊन टाकत. चेला दचके. ओढे. विमान खाली येऊ लागे. अण्णांचं बोट मात्र खटक्यावर घट्ट असे. वाचवणं त्यांच्या एका बोटाच्या सैल होण्यावर होतं, आणि ते बोट सैल होत नसे.

"काहून ओढून राहिला रे? ढकल म्हटलं ना, ढकल!" विमान पडल्यावर ते म्हणत, आणि डावा अंगठा हवेत पुढे सारून दाखवत. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या रिमोटांवर विमान वर-खाली करणारी स्टिक डाव्या हाताला असे, म्हणून अंगठा डावा. ती खूण पुढे त्यांच्या सगळ्या बोलण्यातच शिरली होती. पाहुण्याने चुकीचं काही सांगितलं, सासूबाईंनी मीठ पुढे करायला उशीर केला, की तो अंगठा तसाच पुढे सरायचा.

रेल्वेतून निवृत्त झालेले तिवारीजी हे त्या मैदानावरचे एकटेच असे, जे अण्णांना काही बोलू धजत. "बचा तो लेते, भाई साहब," ते एकदा कळवळून म्हणाले.

"बचाऊँगा तो सीखेगा कब?" अण्णा म्हणाले, आणि चहाचा कप पुढे केला.

आणि मग तेरवी. हा शब्दही अण्णांचाच. पडलेल्या विमानाची तेरवी करायची, असा त्यांनी दंडक घातला होता. माणसाच्या मरणानंतर तेराव्या दिवशी जेवण घालतात तसं, फरक एवढाच की इथे मेल्याच्या दिवशीच. ज्याने विमान पाडलं त्याने परतताना कमानिया गेटापाशी सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घालायची. ती जाड, काळपट, पाकात निथळणारी जलेबी म्हणजे आमच्या जबलपूरचा अभिमान. पण पहिला तुकडा अण्णा स्वतः मोडत, पाडणाऱ्याच्या तोंडात अंगठ्याने कोंबत, आणि तो त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत बाकी कोणी खायचं नाही, असा नियम होता. महिनोन्महिने रात्रीचा दिवस करून बनवलेल्या विमानाचे तुकडे पिशवीत घेऊन एखादा प्रौढ माणूस भर बाजारात तोंडात गोड धरून उभा असे, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर पाक. सगळे हसत. गंमत आहे, असं सगळेच म्हणत.

माझा नवरा सुहास जलेबी खात नाही, हे लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला मला कळलं. कारण सासूबाईंनी सांगितलं. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सबंध सुट्टीत त्याने स्वतःच्या हाताने एक विमान बनवलं होतं. लाकूड कापताना बोटं कापून घेतली, पंखाला आईच्या साडीचा निळा रंग दिला. सुट्टी संपता संपता ते उडालं, छान उडालं, आणि मग अण्णांनी ते उलटं करून त्याच्या हातात दिलं. पोराने ओढलं. त्याच्या विमानाची तेरवी अण्णांनी बाजारात केली नाही, घरी केली. काका, मामा, शेजारीपाजारी बोलावले. "पोरानं जीव घेतला विमानाचा, जेवा!" असं म्हणून सगळ्यांसमोर जलेबीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. हुंदक्यांमुळे त्याला गिळता येईना, तर गिळेपर्यंत त्याची हनुवटी धरून ठेवली. एवढं होऊनही सुहासने मैदान सोडलं नाही, हे मला त्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटलं.

त्याने सोडलं नाही, कारण त्याला वडिलांकडून एक शब्द हवा होता. जमलं. बस, एवढाच. हा शब्द अण्णांच्या शब्दकोशात नव्हता असंही नाही. तिवारीजींना तो एकदा मिळाला होता, छावणीतल्या एका तरुण कप्तानालाही मिळाला होता. सुहास केंद्र सरकारच्या कार्यालयात चांगल्या हुद्द्यावर चढला, आईबापांना औषधांपासून चष्म्यापर्यंत काही कमी पडू दिलं नाही, आणि सरळ विमान तर असं उतरवायचा की चाकं मुरमाला टेकल्याचा आवाजही येऊ नये. पण विमान उलटं झालं की त्याचा अंगठा शाळकरी होऊन जाई. तो ओढायचा. "पालथ्या घड्यावर पाणी," अण्णा म्हणायचे, आभाळाकडे बघतच.

राज्याचे दोन तुकडे झाले, रायपूरच्या नणंदेचा प्रांत वेगळा झाला, त्याच सुमाराला मी या घरात आले. वर्ष दोन वर्षं मी मैदानाच्या कडेला डबे उघडत बसायची. मग एका रविवारी अण्णा अचानक म्हणाले, "सूनबाई, तू ये इकडं. याच्याच्यानं तर काही होऊन नाही राहिलं." सुहासनेच रिमोटचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, त्याची बोटं गार होती.

मीही विमानं पाडली, मीही कमानिया गेटापाशी तोंडात तुकडा धरून उभी राहिले. सुनेला म्हणून अण्णांनी काही सूट दिली नाही, आणि मला वाटतं त्यांच्या हातून मला मिळालेला सन्मान तो एवढाच. मग माघातली एक सकाळ आली. धुकं नुकतंच विरलेलं, हरभऱ्यावर दव, आणि वर पिवळं विमान एकाएकी उलटं होऊन माझ्या हातात आलं. मी ढकललं. कसं ते विचारू नका. सासरी आलेल्या बाईला ढकलणं वेगळं शिकवावं लागत नाही. जे जे ओढून कवटाळावंसं वाटतं, ते ते दूर सारूनच ती उंबरठा ओलांडते. विमान तरंगत राहिलं. चाकं आभाळाकडे करून ते माझ्यासमोरून गेलं, पळसांपाशी वळलं, परत आलं.

"जमलं," अण्णा म्हणाले.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं; खोटं कशाला बोलू. मग अण्णांनी मान वळवली. सुहास जवळच बसून दुसऱ्या विमानावरचं तेल पुसत होता. त्याच्या डोक्यावरून वीतभर वर बघत ते म्हणाले, "पाहिलं? परक्याच्या पोरीला जमलं." लेकी बोले सुने लागे, अशी म्हण आहे, आमच्या घरात ती सुनेकडून लेकाकडे जाई. सुहासने तेल पुसणं थांबवलं नाही. त्या फडक्याची एका लयीतली घसघस मला आजही कधी कधी ऐकू येते.

"उलट्या काळजाचा माणूस आहे," त्या संध्याकाळी भाजी चिरताना सासूबाई म्हणाल्या, "पण मनात काही नसतं बरं त्यांच्या." मनात काही नसताना माणूस इतका ताप देऊ शकतो, तर मनात असतं तर काय झालं असतं, असा विचार करत मी कणीक मळत राहिले. सासूबाईंनी मला त्यानंतर हे वाक्य पुष्कळदा ऐकवलं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अण्णा त्यांच्यासाठी रडले का, हे मी सांगू शकत नाही. तेरवीनंतरच्या पहिल्याच रविवारी एरंडेलाचा वास आला, एवढं खरं.

काही वर्षांनी, भाद्रपदातल्या एका दमट दुपारी, अण्णा ताटावरून उठता उठता कलंडले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. ज्या घरात शांतता म्हणजे कौतुक असा अर्थ लावायची सवय सगळ्यांना लागलेली, त्या घरात आता अखंड शांतता नांदू लागली. आमटी कशीही होवो, अण्णा गप्प. कधी कधी मला या न्यायाचं हसू येई आणि लगेच स्वतःची लाजही वाटे.

सुहासने वडिलांची केलेली सेवा गल्लीत अजून उदाहरणादाखल सांगतात. अंघोळ, दाढी, नखं, मऊ भाताचा एकेक घास. त्याने कधी कपाळाला आठी पाडली नाही. व्यायाम करवून घ्यायलाही दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की समोर उशी धरायची आणि अण्णांनी ती उजव्या हाताने ढकलायची. अण्णांचं बोट उशीत अडकायचं, हात उलट छातीकडे आखडायचा. सुहास वाकून, त्यांच्या कानाशी, अत्यंत मऊ आवाजात म्हणायचा, "काहून ओढून राहिले, अण्णा? ढकला ना. ढकला." अण्णा त्याच्याकडे बघत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नजर कोणाच्या डोक्यावरून न जाता थेट डोळ्यांवर येऊन थांबत असे. तो मऊ आवाज ऐकला की मला भीती वाटायची. शिव्या परवडल्या असत्या.

पौषातल्या एका रविवारी सुहास म्हणाला, "चला अण्णा, आज उडवू." त्याने स्वतः इंधन भरलं, स्वतः पंख पुसले, ऑटोवाल्याला बोलावून अण्णांना उचलून आत बसवलं. मैदानावर प्लास्टिकची खुर्ची मांडली. वायरीने जोडलेले दोन्ही रिमोट बाहेर काढले. चेल्याचा रिमोट त्याने अण्णांच्या मांडीवर ठेवला, पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, आणि गुरूचा स्वतः घेतला.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" मी विचारलं.

"शिकवून राहिलो," सुहास म्हणाला.

तिवारीजींनी इंजिन सुरू केलं. अण्णांचं पिवळं विमान मुरूम उडवत धावलं, उचललं गेलं, आणि हिवाळ्याच्या फिकट निळाईत लहान होत गेलं. उंची गाठल्यावर सुहासने खटका दाबला आणि विमान वडिलांच्या हातात दिलं. अण्णांचा उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कोणाचा असावा तसा पडला होता. पण स्टिक डावी होती, सुकाणूही त्याच स्टिकवर, आणि डावा अंगठा जिवंत होता. विमान थोडं अडखळलं, मग सरळ झालं. मोठमोठी, सावकाश वळणं घेऊ लागलं. अण्णांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग उजळला, अर्धा तसाच राहिला. तिवारीजींनी डोळे पुसले. त्या घटकेला तिथेच थांबता आलं असतं. मी मनातल्या मनात सुहासला विनवत होते, की आता पुरे, आता उतरव.

सुहासने खटका सोडला, विमान एका गिरकीत उलटं केलं, आणि खटका दाबून ते तसंच अण्णांना देऊन टाकलं. शब्दही न बोलता.

"अरे सुहास भैया, ये क्या कर रहे हो!" तिवारीजी ओरडले. सुहास वर बघत नव्हताच. तो वडिलांच्या अंगठ्याकडे बघत होता. तो अंगठा ओढेल, एवढं एकदा डोळ्यांनी पाहायला तो शाळेतल्या त्या सुट्टीपासून थांबलेला होता.

अंगठा पुढे सरलेला होता. डोक्याची परवानगी त्याने घेतलीच नाही. विमान उलटं, स्थिर, गवताच्या शेंड्यांवरून, चाकं आभाळाला दाखवत आमच्या समोरून गेलं. त्याची सावली मुरमावरून पळत गेली. पळसांपाशी ते वळलं आणि परत आलं, पहिल्यापेक्षाही खालून. अण्णांच्या वाकड्या ओठांतून लाळ गळत होती, आणि डोळे त्या जुन्या, अलिप्त, निर्दय आनंदाने वर लागलेले होते. मी इतकं सुंदर उड्डाण पुन्हा पाहिलं नाही. सुहासच्या कपाळाच्या कडांना केस पिकायला लागले होते, पण त्या क्षणी त्याचा चेहरा निळा पंख रंगवणाऱ्या पोराचा झाला होता. ते पडत नव्हतं. ते पडणारच नव्हतं. त्याला ते सहन झालं नाही, आणि त्याने खटका सोडला.

विमान आता त्याच्या हातात होतं. उलटं, आणि जमिनीच्या अगदी जवळ. नाक जरासं झुकलं. सुहासने ओढलं.

लाकूड मोडल्याचा आवाज फार लहान असतो, ताटात पापड मोडावा एवढा. त्यानंतर शेतातून एक टिटवी ओरडत उठली, आणि ती गेल्यावर काहीच उरलं नाही. अण्णांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुहासकडे पाहिलं, डावा हात मांडीवरून उचलला, आणि अंगठा हवेत, सावकाश, पुढे ढकलून दाखवला.

तुकडे सुहासने एकट्याने गोळा केले. आम्ही ऑटोने परत निघालो. कमानिया गेटापाशी नेहमीच्या गर्दीत ऑटोचा वेग मंदावला, तसा अण्णांनी डाव्या पंजाने समोरच्या दांडीवर जोरात थाप मारली. ऑटोवाला दचकला. "क्या हुआ, बाबूजी?" अण्णांनी जलेबीच्या दुकानाकडे बोट केलं.

"चलो भैया, आगे लो," मी म्हणाले. थाप पुन्हा बसली. सुहास उतरला, आणि पानांच्या दोन्यात गरम जलेबी घेऊन आला. अण्णांना खावीशी वाटते आहे, असं समजून त्याने एक तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. अण्णांनी ओठ घट्ट मिटले. डाव्या हाताने तो तुकडा त्याच्याकडून घेतला, पाक बाहीवर ओघळला, आणि त्यांनी तो अंगठ्याने सुहासच्या तोंडात ढकलला. मग त्याची हनुवटी धरली. सुहासच्या गळ्याची घाटी वर-खाली झाल्यावरच सोडली. आणि मग स्वतःचं अर्धं हलणारं तोंड उघडून, नियमाप्रमाणे, आपल्या वाट्याची वाट बघत बसले. सुहासने त्यांना भरवलं, हनुवटीवरचा पाक रुमालाने पुसला.

तिवारीजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाप का प्यार था, बिटिया. बोल नहीं पाते थे न." मला तसं वाटून घ्यायला फार आवडलं असतं. पण मी समोर बसले होते. मी ते डोळे पाहिले होते. त्यांत नियम होता, दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर चूळ भरता भरता सुहास म्हणाला, "वाचा असती, तरी तो शब्द नसते म्हणाले." मग मोडलेलं विमान त्याने माळ्यावर टाकलं.

पळस फुलायच्या आत अण्णा गेले. तेरवीला सुहासने पुरीभाजीबरोबर खोव्याची जलेबी ठेवली. नातेवाइकांना ते विचित्र वाटलं, मैदानावरच्या मंडळींना वाटलं नाही. ती सगळी एका पंगतीत बसली होती, उन्हाने रापलेले, मान वर करायची सवय जडलेले म्हातारे. पानात जलेबी पडली आणि त्यांचे हात तसेच थांबले. हातांना जुना नियम आठवला होता. पाडणाऱ्याच्या तोंडात पहिला तुकडा जायचा होता, आणि घालणारा भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसला होता. तिवारीजींचा हात अर्धवट वर आला आणि खाली गेला. सुहास वाढपाचं भांडं घेऊन मधोमध उभा होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग एक तुकडा मोडला आणि स्वतःच्याच डाव्या अंगठ्याने स्वतःच्या तोंडात ढकलला. तो गिळला गेला तेव्हा पंगत जेवायला लागली.

आता रविवार नुसता उजाडतो. अभ्रे कितीदा धुतले, तरी हिवाळ्यात कधी एखाद्या उशीतून एरंडेलाचा जुना गंध उठतो आणि मी जागी होते; शेजारी सुहास झोपेत असतो, पापण्यांवर गजांमधून आलेलं ऊन, आणि त्याचा डावा अंगठा चादरीवर पुढे सरतो, थांबतो, पुन्हा पुढे सरतो. जमलं, असं मी हळूच म्हणून पाहते. पण गेलेल्या माणसाकडे राहून गेलेला शब्द उरलेल्याच्या तोंडून खरा होत नाही, आणि तो अंगठा, झोपेतसुद्धा, माझ्यासाठी थांबत नाही.